रायझन ७८००एक्स३डी की कोअर आय७-१४७००के? दोन प्रोसेसरांची तुलना करताना काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये ८ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारी एकके) आहेत आणि त्याचा कमाल क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, ५ गिगाहर्ट्झ आहे. इंटेलच्या कोअर आय७-१४७००के मध्ये २० कोअर आहेत आणि कमाल क्लॉक ५.६ गिगाहर्ट्झ आहे. कागदावर दोन्ही आकड्यांत मागे असलेला पहिला प्रोसेसर गेमच्या चाचण्यांत पुढे कसा राहतो? आणि ज्याला दिवसा व्हिडिओ संपादन, ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील रेंडर (अंतिम चित्र तयार करणे) व सी++ प्रकल्पांचे कंपाइल (कोडचे यंत्राला कळेल असे रूपांतर) करायचे आहे आणि रात्री १४४ हर्ट्झच्या १४४०पी मॉनिटरवर, मध्यम श्रेणीच्या ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर गेम खेळायचे आहेत, त्याने यांतला कोणता घ्यावा? पुढे सोयीसाठी मी या दोघांना नुसते ‘रायझन’ आणि ‘आय७’ म्हणतो.

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. ज्या कामात सगळे कोअर एकाच वेळी पूर्ण राबतात आणि लागणारी माहिती बहुतांशी प्रोसेसरच्या आतच मावते, त्या कामात आय७ जवळजवळ दुप्पट वेगवान आहे. ज्या कामात एक-दोन कोअरवरच भार येतो आणि त्यांना घडोघडी रॅमकडे धाव घ्यावी लागते, त्या कामात रायझन पुढे आहे. त्यामुळे कामाचे नाव घेतल्याशिवाय ‘वेगवान कोणता’ या प्रश्नाला अर्थच येत नाही, आणि साऱ्या चाचण्यांची सरासरी काढून दिलेला एकच आकडा या जोडीच्या बाबतीत विशेष फसवा ठरतो.

कोअरच्या संख्येपासून सुरुवात करू. आय७ चे २० कोअर एकसारखे नाहीत. त्यांतले ८ मोठे, म्हणजे परफॉर्मन्स कोअर आहेत आणि ते प्रत्येकी दोन थ्रेड (कामाचे स्वतंत्र धागे) चालवतात. उरलेले १२ लहान, म्हणजे एफिशियन्सी कोअर आहेत, ते एकेकच थ्रेड चालवतात आणि ४.३ गिगाहर्ट्झपर्यंतच जातात. असे एकूण २८ थ्रेड होतात. रायझनचे आठही कोअर मोठे आणि सारखे असून त्यांचे १६ थ्रेड होतात. थोडक्यात, ही तुलना ८ विरुद्ध २० अशी नसून ‘८ मोठे’ विरुद्ध ‘८ मोठे आणि १२ लहान’ अशी आहे. रेंडरसारख्या कामाचे हजारो स्वतंत्र तुकडे पडतात, त्यामुळे तिथे लहान कोअरही आपापला वाटा उचलतात. गेममध्ये मात्र मुख्य थ्रेड मोठ्या कोअरवरच राहावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर पाठवायचा याचा इशारा आय७ स्वतः ऑपरेटिंग सिस्टिमला देतो आणि तो नीट वापरण्याची सोय विंडोज ११ मध्ये आहे, विंडोज १० मध्ये नाही. आय७ घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

क्लॉकबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ५.६ हा आकडा निवडक कोअरपुरता आहे, आणि वेगवेगळ्या रचनेच्या प्रोसेसरांमध्ये एका ठोक्यात होणारे काम वेगवेगळे असल्याने नुसत्या गिगाहर्ट्झची तुलना कधीच खरी ठरलेली नाही. ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला २००६ साली इंटेलच्याच, दोन ते तीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या कोअर २ ड्युओने मागे टाकले तेव्हाच हा वाद संपायला हवा होता. जाहिरातींमुळे तो अजून जिवंत आहे.

खरा फरक कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत, आहे आणि या साऱ्या प्रकरणाचा उलगडा तिथेच होतो. आय७ मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३३ मेगाबाइट आहे, रायझनमध्ये ९६. रायझनच्या मूळ सिलिकॉन चकतीत ३२ मेगाबाइट कॅश असतेच; तिच्यावर ६४ मेगाबाइटची आणखी एक चकती रचलेली आहे आणि नावातल्या ‘३डी’चा संबंध तिच्याशीच आहे. दुसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये आय७ पुढे आहे, २८ विरुद्ध ८ मेगाबाइट. पण ही कॅश कोअरांमध्ये वाटलेली असते, त्यामुळे एका कोअरला तिचा लहानसाच हिस्सा मिळतो.

आता हिशेब पाहा. ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. हवी ती माहिती तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये सापडली, तर ती सुमारे ५० ठोक्यांत हाती येते. ती तिथे नसली आणि रॅममधून आणावी लागली, तर डीडीआर५ रॅम असलेल्या चांगल्या संगणकातही ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीनशे ते चारशे ठोके. एवढ्या ठोक्यांत कोअरने शेकडो सूचना उरकल्या असत्या. त्याऐवजी तो बहुतेक वेळ हात बांधून बसतो. क्लॉक १० टक्क्यांनी वाढवला तरी या थांबण्यात काहीच फरक पडत नाही, कारण रॅमला कोअरच्या घाईशी देणेघेणे नसते.

गेमचे काम नेमके या जातीचे असते. एक फ्रेम तयार करताना खेळातली शेकडो-हजारो पात्रे, वस्तू, टकरी, सावल्या यांची नोंद चाळावी लागते. ती माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि पुढची कोणती लागेल याचा अंदाज प्रोसेसरला सहसा आधी बांधता येत नाही. पुढच्या फ्रेमला पुन्हा जवळपास तीच माहिती लागते. ती ३३ मेगाबाइटमध्ये मावली नाही पण ९६ मध्ये मावली, तर रायझनची रॅमकडची एक मोठी फेरी वाचते, आणि ती दर फ्रेमला वाचते. मात्र हा फायदा अमर्याद नाही. माहितीचा पसारा ९६ मेगाबाइटच्याही फार पुढे गेला, तर रायझनलाही रॅमचे तोंड पाहावे लागते आणि आघाडी कमी होत जाते. फॅक्टोरिओसारख्या खेळात अवाढव्य कारखाना उभारणाऱ्यांना हे ठाऊक असेल.

हा कॅशचाच परिणाम आहे कशावरून, अशी शंका रास्त आहे, कारण रायझन आणि आय७ यांच्या रचनेत इतरही अनेक फरक आहेत. तिचे निरसन करायला एएमडीचाच रायझन ७ ७७००एक्स उपयोगी पडतो. त्याचे आठ कोअर झेन ४ रचनेचेच, हुबेहूब तेच आहेत. क्लॉक उलट जास्त, ५.४ गिगाहर्ट्झ आहे; फक्त तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट आहे. सिनेबेंच या रेंडरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत ७७००एक्स हा ७८००एक्स३डीच्या थोडा पुढे राहतो, आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या बहुतेक गेममध्ये स्पष्टपणे मागे पडतो. बाकी जवळपास सारे सारखे ठेवून मुख्यतः एकच गोष्ट बदलण्याची अशी संधी या क्षेत्रात क्वचितच मिळते. आता क्लॉक कमी का ठेवावा लागला, तर वर रचलेली चकती खालच्या कोअरांची उष्णता बाहेर पडू देत नाही आणि ती जास्त विद्युतदाबही सोसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये हीच चकती कोअरांच्या खाली सरकवली गेली आणि क्लॉक लगेच ५.२ वर गेला.

सिनेबेंचचे आकडे या पार्श्वभूमीवर वाचावेत. आर२३ या आवृत्तीत सर्व कोअर वापरले असता रायझनला सुमारे १८ हजार गुण पडतात आणि आय७ला सुमारे ३५ हजार. हे आकडे खोटे नाहीत. सिनेबेंच म्हणजे रेंडरचेच काम आहे. त्याचे तुकडे हवे तितके पडतात आणि प्रत्येक तुकड्याला लागणारी माहिती छोट्या कॅशमध्येही बरीचशी मावते. ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर रेंडर करणाऱ्याला हे गुण जवळजवळ जसेच्या तसे उपयोगी आहेत. गेम खेळणाऱ्याला मात्र ते काहीही सांगत नाहीत. तुमच्या बाबतीत आणखी एक पाहा: ब्लेंडरचे रेंडर तुम्ही ग्राफिक्स कार्डावर करत असाल, आणि आज बहुतेक लोक तेच करतात, तर आय७ची ही सर्वांत मोठी जमेची बाजू तुमच्या हिशेबातून जवळजवळ वजा होते.

कंपाइलच्या कामात प्रकरण मधलेच आहे. पूर्ण प्रकल्प नव्याने बांधताना शेकडो फाइली स्वतंत्रपणे कंपाइल होतात, सगळे कोअर भरतात आणि आय७ स्पष्टपणे पुढे जातो. परंतु दिवसभरात बहुतेक वेळा आपण एक-दोन फाइली बदलतो, त्या कंपाइल होतात आणि मग लिंक होण्याची, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्राम तयार होण्याची, वाट पाहतो. तिथे २० कोअरांपैकी बहुतांश रिकामे बसतात. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही तोच एकूण वेगाला मर्यादा घालतो, हा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम इथे आकड्यांनी तपासता येतो. कामाचा ८० टक्के भाग वाटून घेता येत असेल, तर एका कोअरच्या तुलनेत ८ कोअर ते ३.३३ पट वेगाने करतात आणि २० समान कोअर ४.१७ पट. कोअर अडीच पट, फायदा फक्त २५ टक्के. आणि त्यातही आय७ चे १२ कोअर लहान आहेत. म्हणून आपल्या दिवसातला किती वेळ पूर्ण बांधणीत जातो आणि किती वेळ किरकोळ बदलांत, हे टास्क मॅनेजर उघडून एक-दोन दिवस प्रामाणिकपणे पाहावे.

व्हिडिओ संपादनात तर कोअर आणि कॅश या दोन्हींपेक्षा तिसरीच गोष्ट निर्णायक ठरू शकते. आय७ च्या आत एक छोटे ग्राफिक्स एकक आहे आणि त्यातली क्विक सिंक ही यंत्रणा एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या प्रकारातले ४:२:२, १० बिटचे (म्हणजे रंगांची जास्त माहिती राखणारे) चित्रीकरण थेट उलगडू शकते. अनेक नव्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण याच प्रकारात येते. रायझनमधल्या छोट्या ग्राफिक्स एककाला ते जमत नाही, आणि एनव्हिडियाच्या कार्डांतही ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. ही सोय नसेल, तर टाइमलाइनवर नुसते पुढे-मागे सरकतानाही प्रोसेसरची दमछाक होते. तुमच्या कॅमेऱ्याच्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत हे प्रश्नात आलेले नाही, पण व्हिडिओच्या बाबतीत घोडे पेंड खाते ते इथेच. साध्या ४:२:० फाइली असतील, तर हा मुद्दा सोडून द्यावा. त्या दोन्हींकडे सहज चालतात.

आता गेमच्या चाचण्या कशा वाचाव्यात याकडे वळतो. परीक्षक प्रोसेसरची चाचणी मुद्दाम बाजारातल्या सर्वांत ताकदवान ग्राफिक्स कार्डावर आणि १०८०पी या कमी रिझोल्यूशनवर घेतात, जेणेकरून कार्ड अडसर ठरू नये. पद्धत अगदी योग्य आहे. तिच्यामुळे प्रोसेसरची खरी मर्यादा कळते. चूक होते ती तिथला फरक आपल्या टेबलावर जशाचा तसा मिळेल असे मानण्यात. तुमचे मध्यम कार्ड १४४०पी वर एखाद्या देखण्या गेममध्ये सेकंदाला ९० फ्रेमच काढत असेल, तर एका प्रोसेसरची क्षमता १७० आणि दुसऱ्याची १९० असली तरी पडद्यावर दोन्हींच्या ९०च दिसतील. आपला संगणक कुठे अडतो हे शोधण्याची सोपी रीत म्हणजे गेममधील रिझोल्यूशन तात्पुरते बरेच खाली आणून पाहणे. फ्रेम भराभर वाढल्या तर अडसर कार्डाचा आहे, आणि जवळपास तितक्याच राहिल्या तर प्रोसेसरचा.

सरासरी फ्रेमवर फार विसंबू नये, याचेही एक छोटे उदाहरण देतो. शंभर फ्रेमपैकी ९९ फ्रेम प्रत्येकी ७ मिलिसेकंदांत आणि एक ४० मिलिसेकंदांत आली, तर एकूण वेळ ७३३ मिलिसेकंद होतो आणि सरासरी सेकंदाला १३६ फ्रेम निघते. आकडा झकास दिसतो, पण ती चाळीसवाली फ्रेम डोळ्याला झटक्यासारखी जाणवते आणि असे झटके सेकंदा-दीड सेकंदाला बसत राहिले तर खेळ नकोसा होतो. म्हणून परीक्षणांत सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेगळा आकडा दिलेला असतो, आणि मी स्वतः सरासरीआधी तोच पाहतो. मोठ्या कॅशचा लाभ अनेकदा सरासरीपेक्षा या आकड्यात जास्त उठून दिसतो.

टक्केवारीतही दोन खाचखळगे आहेत. दहा मिनिटांचे रेंडर सहा मिनिटांत झाले, तर वेळ ४० टक्क्यांनी वाचला, पण वेग ६७ टक्क्यांनी वाढला. दोन्ही विधाने खरी आहेत आणि लिहिणारा सोयीचे ते निवडतो. दुसरे, सरासरीचा प्रकार. समजा एका चाचणीत पहिला प्रोसेसर दुसऱ्याच्या २ पट आणि दुसऱ्या चाचणीत ०.८ पट वेगवान आहे. साधी सरासरी १.४ येते, म्हणजे पहिला ४० टक्क्यांनी पुढे. हेच गुणोत्तर उलटे मांडले, तर ०.५ आणि १.२५ यांची सरासरी ०.८७५ येते, म्हणजे पहिला फक्त १४ टक्क्यांनी पुढे. मोजमापे तीच, निष्कर्ष दोन. गुणोत्तरांची भौमितिक सरासरी (दोन गुणोत्तरांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) घेतली की कोणत्याही बाजूने मांडले तरी २६ टक्केच येतात. म्हणून ज्या परीक्षणात ती वापरली आहे त्यावर जास्त भरवसा ठेवावा.

विजेचा मुद्दा अनेकांना बिलापुरता वाटतो, पण तो तुलनेच्या मुळाशी आहे. आय७ ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे आणि पूर्ण भारावर तो ती गाठतो. रायझनची जाहीर टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेली उष्णतेची पातळी, १२० वॅट असली तरी सिनेबेंचमध्ये तो ८०-९० वॅटच्या आसपासच राहतो. गुणांना वॅटने भागले, तर रायझनचे दर वॅटला २०० च्या वर आणि आय७ चे १४० च्या आसपास पडतात. यातही एक मेख आहे. चिपला लागणारी वीज विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी विद्युतदाब भरमसाट चढवावा लागतो. त्यामुळे आय७ ला बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) १२५ वॅटची मर्यादा घातली, तर वीज निम्मी होते पण साधारण तीन चतुर्थांश काम टिकून राहते. याउलट काही मदरबोर्ड कारखान्यातूनच ही मर्यादा उठवून येत असत. त्यामुळे आय७ चा कोणताही चाचणीतला आकडा पाहताना तो किती वॅटवर मिळवला आहे हे शोधावे; ते लिहिलेले नसेल, तर तो आकडा मी हिशेबात धरत नाही.

याला जोडूनच एक सावधगिरी. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त विद्युतदाबामुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती) दिला, त्यानंतर आणखी सुधारित मायक्रोकोड आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आय७ घेतल्यास बायोस अद्ययावत करून इंटेलच्या मूळ मर्यादा लावल्याशिवाय त्यावर मोठे काम सुरू करू नये. वापरलेला आय७ घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण तो जुन्या बायोसवर किती काळ चालला हे बाहेरून कळत नाही.

सॉकेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागेच्या, बाबतीत फार चर्चा नको. आय७ चे एलजीए१७०० हे सॉकेट १४व्या पिढीबरोबर संपले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या मालिकेला वेगळे सॉकेट लागते. रायझनच्या एएम५ मदरबोर्डात बायोस बदलून ९८००एक्स३डी किंवा पुढे १६ कोअरचा प्रोसेसरही बसवता येतो.

एवढ्यावरून तुमच्यापुरता निर्णय असा. रेंडर प्रोसेसरवरच होत असेल, पूर्ण बांधणीची वाट दिवसातून अनेकदा पाहावी लागत असेल किंवा कॅमेऱ्याच्या फाइली एचईव्हीसी ४:२:२ प्रकारच्या असतील, यांपैकी एक जरी गोष्ट खरी असली तरी आय७ घ्यावा. तुमच्या कार्डावर आणि १४४०पी वर बहुतेक गेममध्ये त्याचे पाऊल मागे पडलेले दिसणारही नाही. यांपैकी काहीच खरे नसेल, किंवा तुमचे गेम विमानाच्या सिम्युलेटरसारखे, डावपेचांचे अथवा प्रोसेसरवरच अडणारे असतील, तर रायझन घ्यावा; तो शांत चालतो, मध्यम कूलरवर भागवतो आणि पुढे कार्ड बदलल्यावर त्याची कॅश खऱ्या अर्थाने कामाला येते. मला स्वतःला दोन्ही बाजू समान वाटल्या, तर मी रायझनकडे झुकेन, आणि त्यामागचे कारण वेगापेक्षा सॉकेटचे आहे.

कोणताही घेतला तरी जोडणी झाल्यावर लगेच बायोसमध्ये रॅमची प्रोफाइल (तिला जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावी, रायझनवर एक्स्पो आणि आय७वर एक्सएमपी. नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि महिनोन्महिने पत्ता लागत नाही. रॅमच्या चार पट्ट्या टाळून दोनच घ्याव्यात, कारण एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. त्यानंतर सिनेबेंच आर२३ सलग दहा मिनिटे चालवावे. रायझनला १७ हजारांपेक्षा बरेच कमी किंवा २५३ वॅटवरच्या आय७ला ३३ हजारांपेक्षा बरेच कमी गुण पडत असतील, तर दोष सहसा प्रोसेसरचा नसतो. आधी कूलरची बैठक आणि मग बायोसमधली वॅटची मर्यादा तपासावी.